टीडीएसच्या पेनाला न दिसणारं शिसं

पाण्याचा फिल्टर विकायला येणारा माणूस सोसायटीत एक प्रयोग हमखास करून दाखवतो. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. खिशातून टीडीएसचं पेन काढून आधी इकडे बुडवतो, मग तिकडे. पहिल्या पेल्यात आकडा मोठा, दुसऱ्यात लहान. बघणाऱ्यांच्या मनात तेवढ्यावर पक्कं बसतं की आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं. पुण्याच्या कडेला धायरी, वाघोलीकडे जिथे टँकरवर आणि बोअरवर दिवस काढावे लागतात, तिथे तर हे पेन आता घरोघरी असतं.

पुण्यातल्या चाचणी प्रयोगशाळांमध्ये मी बरीच वर्षं पाणी, माती, फळं-भाज्या तपासल्या आहेत, आणि त्या पेनावर विसंबलेली माणसं पाहिली की मला काळजी वाटते. पेन खोटं बोलत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून त्यात एकूण क्षार किती विरघळलेत याचा अंदाज देणं, एवढंच त्याचं काम. बोअरचं पाणी जड आहे का, भांड्यावर पांढरे डाग का पडतात, हे त्यावरून कळतं. पण पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे आयएस १०५०० हे जे भारतीय मानक आहे, त्यात एकूण क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम. दोन्हींत पन्नास हजार पटींचं अंतर. पेनावरचा आकडा एकेका मिलिग्रॅमने सरकतो. पाण्यात शिसं मर्यादेच्या शंभर पट झालं, तरी ते होतं एक मिलिग्रॅम. २१० च्या जागी २११ दिसेल, आणि तसं तर पाणी जरा कोमट झालं तरी दिसतं. बहुतेक कीटकनाशकं विजेला दादच देत नाहीत, त्यामुळे ती पेनाला मुळीच दिसत नाहीत.

मग शिसं आणि कीटकनाशकं मोजतात कशी, हे मला नीट सांगायचं आहे. ते माहीत असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावर काय विचारायचं हेही कळतं.

आधी या मोजमापाचा जीव केवढा ते पाहू. पावसाळ्यात पेपरमध्ये रोज धरणांचे आकडे येतात, त्यांतला खडकवासल्याचा घ्या. उपयुक्त साठा साधारण १.९७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, म्हणजे भरलेल्या खडकवासल्यात झालं ५,५८० कोटी लिटर पाणी. एवढ्या सगळ्या पाण्यात शिसं मर्यादेला टेकवायला किती लागेल? लिटरला ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने जेमतेम ५५८ किलो. शिसं पाण्याच्या अकरा पट जड, त्यामुळे तेवढं शिसं पन्नास लिटरच्या एका ड्रममध्ये मावतं. या पातळीला पीपीबी म्हणतात, शंभर कोटी भागांत एक भाग. त्याहून खाली पीपीटी, म्हणजे आणखी हजार पटींनी कमी. नॉनस्टिक भांडी आणि आग विझवायच्या फेसातून पसरलेली, निसर्गात जवळजवळ न कुजणारी फ्लोरिनयुक्त रसायनं या पातळीवर मोजावी लागतात. त्यांतल्या पीएफओए नावाच्या रसायनासाठी अमेरिकेने २०२४ साली पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. खडकवासल्याच्या हिशेबात हे होतात सुमारे २२३ ग्रॅम. अख्ख्या धरणात पाव किलोसुद्धा नाही, आणि ते बाटलीभर पाण्यावरून ओळखायचं.

लोकांना वाटतं, यातली अवघड गोष्ट म्हणजे यंत्र. यंत्र महाग असतं, नाजूक असतं, हे खरंच. पण यंत्रापाशी पोचेपर्यंत त्या पाण्यात आपण स्वतः काही मिसळू न देणं त्याहून अवघड आहे. हवेतली धूळ, हातावरचा घाम, बाटलीचं बूच, भिंतीचा रंग, नळाचा पितळी तुकडा, सगळ्यांत थोडं थोडं शिसं किंवा जस्त असतं. आपण जे शोधतोय ते एवढं कमी, की बाहेरून आलेला कणभर मळही त्याच्यापेक्षा मोठा ठरतो.

हे जगाला सगळ्यात स्पष्ट दाखवून दिलं क्लेअर पॅटरसन या अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञाने. १९४० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, ते खनिजांच्या कणांतलं शिसं मोजत होते. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून खडकाचं वय काढायचं होतं. पण त्यांना मिळणारं शिसं असायला हवं त्याहून कितीतरी जास्त निघायचं. खडकात नसलेलं शिसं येत होतं प्रयोगशाळेतूनच: हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून. पॅटरसननी वर्षानुवर्षं एकेक वाट बंद केली. पुढे कॅलटेकमध्ये गाळलेल्या हवेची खोली उभी केली, भांडी आम्लात उकळली, रसायनं स्वतः शुद्ध केली. मग उल्केच्या तुकड्यातलं शिसं मोजून १९५६ साली त्यांनी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं. तो आकडा आजही टिकून आहे. पण त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेत शिसं येतं कुठून, हे शोधताना ते पेट्रोलपाशी पोचले. इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत होते, आणि ते धुरावाटे सगळीकडे पसरलं होतं, समुद्रात आणि ध्रुवावरच्या बर्फातसुद्धा. पेट्रोल कंपन्यांचा विरोध सोसून ते हे सांगत राहिले. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल देशभर आलं ते २००० साली. त्याआधी स्वारगेटच्या चौकात उभं राहून आपण सगळ्यांनी ते शिसं छातीत घेतलेलं आहे.

म्हणून आमच्याकडे शिशाचा नमुना येणार असला की काम सुरू होतं बाटलीपासून. प्लास्टिकची बाटली दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजत ठेवायची, अतिशुद्ध पाण्याने तीन-चारदा विसळायची, उपडी करून झाकलेल्या जागी सुकवायची. पाणी भरल्यावर त्यात थोडं शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा. हे आम्ल नसेल तर शिसं हळूहळू बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि यंत्राला पाण्यात कमीच दिसतं. पाणी खराब असतं, अहवाल मात्र चांगला येतो. कीटकनाशकांसाठी उलट: प्लास्टिक चालत नाही, तपकिरी काचेची बाटली लागते. पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारायला थायोसल्फेट घालतात आणि नमुना बर्फात ठेवून आणतात. फ्लोरिनवाल्या रसायनांसाठी टेफ्लॉनच्या अस्तराचं बूचसुद्धा वर्ज्य, कारण टेफ्लॉन त्यांच्याच कुळातलं. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून आणणाऱ्याला आम्ही परत पाठवतो, तेव्हा त्याला राग येतो. पण त्या बाटलीतल्या पाण्याचा आकडा कशाचा आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रत्येक खेपेत आम्ही एक खोटा नमुना चालवतो, त्याला ब्लँक म्हणतात. आत नुसतं अतिशुद्ध पाणी, बाकी सगळे सोपस्कार खऱ्या नमुन्यासारखे: तीच बाटली, तेच आम्ल, तेच हात. ब्लँकमध्ये काही निघालं, तर ते आपलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात एकदा जस्ताचे ब्लँक अचानक चढले. तीन दिवस आम्ही शोधत होतो. आम्लाची नवी बाटली फोडली, पाण्याच्या यंत्राची काडतुसं बदलली, टेबलं पुसली. शेवटी आमच्या वरिष्ठ बाईंनी हातमोज्यांचं खोकं उचलून उजेडात धरलं. नेहमीचा माल संपला म्हणून कोणीतरी पावडर लावलेले मोजे आणले होते. मोजा झटकला की पांढरी धूळ उडायची, आणि त्या पावडरीत जस्त होतं. त्या तीन दिवसांतले सगळे नमुने आम्ही रद्द केले आणि ज्यांचे होते त्यांना फोन करून पुन्हा पाणी मागितलं. ब्लँक चालवला नसता तर ते आकडे तसेच छापून गेले असते.

आता यंत्राकडे वळू. वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की स्वतःच्याच ठरलेल्या रंगांचा प्रकाश टाकतं, आणि बाहेरून प्रकाश आला तर त्याची वाफ त्यातले तेच रंग शोषतेही. १८६० च्या सुमारास बुन्सेन आणि किर्चहॉफ या जर्मन जोडीने या रंगांवरून सीझियम आणि रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं शोधली. १९५५ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलन वॉल्श यांनी शोषणाची बाजू हाताशी धरली: शिसं मोजायचं असेल तर शिशाचाच दिवा लावा, त्याचा प्रकाश नमुन्याच्या वाफेतून जाऊ द्या, आणि किती प्रकाश गायब झाला ते मोजा. दिव्यातून फक्त शिशाचे रंग निघतात, म्हणून ते शोषून घेण्याचं काम वाफेतलं शिसंच करतं. याला अणुशोषण पद्धत किंवा सरळ एएएस म्हणतात. पुण्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळा आजही यावर चालतात. यात दोन प्रकार आहेत, आणि हा फरक पुढे अहवाल वाचताना उपयोगी पडेल. ज्योतीचा प्रकार जलद आणि स्वस्त, पण पीपीबीत तो कमी पडतो. दुसऱ्यात ज्योतीऐवजी ग्रॅफाइटची इवलीशी नळी असते. तिच्यात थेंबाहूनही कमी पाणी टाकून ते वाळवतात, जाळतात आणि मग नळी लालबुंद करून वाफ काढतात. ती वाफ नळीत क्षणभर अडकून राहते, म्हणून हा प्रकार कितीतरी जास्त संवेदनशील आहे. एका मापाला दोन-तीन मिनिटं जातात, बस्स.

याच्याही पुढचं यंत्र म्हणजे आयसीपी-एमएस. पाण्याची बारीक फवार आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. तिथलं तापमान ६,००० ते १०,००० केल्व्हिन, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त. त्या भट्टीत कुठलाही रेणू टिकत नाही. सगळ्याचे सुटे अणू होतात आणि बहुतेकांचं एक इलेक्ट्रॉन सुटून ते विद्युतभारित होतात. मग चार धातूच्या दांड्यांमधून त्यांना पळवतात. दांड्यांवरचं व्होल्टेज असं बदलत नेतात की एका वेळी एकाच वजनाचा अणू सरळ पलीकडे पोचतो, बाकीचे भरकटून आपटतात. २०८ वजनाचा पोचला, शिसं. १११ चा, कॅडमियम. पलीकडे बसलेला शोधक अक्षरशः एकेक अणू मोजतो.

पण वजनावरून ओळख पटवण्यात एक फट आहे, आणि ती आर्सेनिकला नेमकी भोवते. आर्सेनिकचं वजन ७५, आणि निसर्गात त्याचा हा एकच प्रकार मिळतो. प्लाझ्मा आर्गॉनचा, त्याचं वजन ४०. पाण्यात क्लोराइड असेल तर क्लोरीनचं ३५. प्लाझ्मातून बाहेर पडताना हे दोघे एकमेकांना चिकटले की ७५. बोअरच्या खारट पाण्यात क्लोराइड भरपूर असतं, त्यामुळे आर्सेनिक नसतानाही यंत्र आर्सेनिक आहे असं सांगू शकतं. यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. वाटेत हेलियम भरलेली एक छोटी खोली ठेवतात. आर्गॉन-क्लोरीनची जोडी आकाराने मोठी, ती हेलियमच्या अणूंना जास्त वेळा धडकते, दमते आणि पुढचा अडथळा ओलांडू शकत नाही. एकटं आर्सेनिक लहान, ते कमी धडका खात निसटून पुढे येतं. आर्सेनिक जास्त निघालं की अहवालावर सही करण्याआधी आम्ही हेलियम चालू होता ना, हे पुन्हा पाहतो.

धातूंचं एवढं बरं आहे की त्यांना जाळलं तरी ते धातूच राहतात. कीटकनाशकं, औषधं, धुरातली रसायनं यांना जाळून चालत नाही, रेणू मोडला की ओळखच गेली. आणि पाण्यात एकाच वेळी शेकडो रेणू असतात. त्यामुळे आधी त्यांना एकत्र गोळा करायचं. लिटरभर पाणी एका विशिष्ट पावडरीच्या नळीतून हळूहळू सोडतात. पाणी निघून जातं, तेलकट स्वभावाचे रेणू पावडरीला धरून राहतात. मग मिलिलिटरभर सॉल्व्हंटने, म्हणजे त्यांना विरघळवणाऱ्या द्रवाने, त्यांना सोडवून घेतात. एका लिटरचं एका मिलिलिटरमध्ये आलं, हजार पट दाट झालं.

मग त्यांची एकेकाला वेगळं काढायची पाळी. ही युक्ती १९०३ साली मिखाइल त्स्वेट या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवली. खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तर हिरवे-पिवळे रंग वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे होतात. का होतात? दिवाळीच्या खरेदीला निघालेली मंडळी डोळ्यांसमोर आणा. सगळी अलका टॉकीजच्या चौकात एकदम रिक्षातून उतरली आणि लक्ष्मी रस्त्याने चालू लागली. कोणाला फक्त सोन्या मारुती चौकात काम आहे, तो सरळ जातो. कोणी प्रत्येक साडीच्या दुकानात शिरतो. निघाले एकत्र, पोचले तासातासाच्या अंतराने. नळीतल्या थराशी ज्या रेणूची जास्त ओढ, तो जास्त वेळा थांबतो, उशिरा बाहेर येतो. आज गॅस क्रोमॅटोग्राफमधली ही नळी साधारण ३० मीटर लांब असते आणि आतून पाव मिलिमीटर रुंद, भट्टीत वेटोळं करून ठेवलेली. जे रेणू उष्णतेने वाफ होत नाहीत त्यांच्यासाठी वायूऐवजी द्रव वापरतात.

कोण किती वाजता बाहेर आलं एवढ्यावरून ओळख पटत नाही, दोघे एकाच वेळी येऊ शकतात. म्हणून दाराशी पुन्हा वजनकाटा. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं उदाहरण घेतो. आधी ३५० वजनाचेच रेणू आत घेतात. त्यांना वायूवर आपटून फोडतात. क्लोरपायरीफॉस फुटला की १९८ आणि ९७ वजनाचे तुकडे पडतात, आणि त्या दोन तुकड्यांचं एकमेकांशी प्रमाणही ठरलेलं असतं. वेळ बरोबर, मूळ वजन बरोबर, दोन्ही तुकडे बरोबर, तुकड्यांचं प्रमाण बरोबर, एवढं सगळं जुळलं तरच आम्ही नाव लिहितो. ही खात्री लागतेच, कारण त्या नावावर एखाद्या शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न अडकलेलं असतं.

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे २०१० साली फार महागात पडून समजलं. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट निघालं आणि माल अडकला. बागेत याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ आवरायला वापरायचं संजीवक. तिकडची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. द्राक्षं इथून तपासूनच गेली होती, पण ज्या रसायनांसाठी तपासायची त्या यादीत सीसीसी नव्हतं. शिवाय ते स्वभावाने इतकं पाणीप्रेमी आणि मुळातच विद्युतभारित की शेकडो कीटकनाशकं एका झटक्यात पकडणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागत नाही, त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते. यंत्र निर्दोष होतं, माणसं निष्णात होती, आणि तरीही ते दिसलं नाही, कारण कोणी शोधलंच नव्हतं. निर्यातीच्या द्राक्षांसाठीची देशाची संदर्भ प्रयोगशाळा इथेच आहे, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात. त्यानंतर यादीत सीसीसी आलं. अहवालावर ‘कीटकनाशकं आढळली नाहीत’ असं वाचलं की म्हणूनच मी आधी यादी पाहतो: कोणती कीटकनाशकं?

हवेचं थोडक्यात सांगतो. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीसाठी मिनिटाला १६.७ लिटर हवा फिल्टरमधून ओढतात, चोवीस तासांत २४ घनमीटर होते. फिल्टर आधी आणि नंतर तोलतात, तेही ठरलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवून, कारण पुण्याच्या पावसाळी हवेत कागद स्वतःच ओल धरून जड होतो. मग तोच फिल्टर आम्लात विरघळवून धातू मोजतात, किंवा सॉल्व्हंटमध्ये घालून धुरातलं बेंझोपायरीन. त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला १ नॅनोग्रॅम, म्हणजे दिवसभराच्या फिल्टरवर अवघे २४ नॅनोग्रॅम.

यापेक्षा मला नदीच्या पाण्यावर जास्त बोलायचं आहे. खडकवासल्याचं पाणी आणि संगम पुलाखालचं पाणी एकाच यंत्रात एकसारखं वागत नाही. मुळा-मुठेत मैला, साबण, तेल, गाळ, औषधांचे अंश सगळं असतं. ही गर्दी यंत्राच्या तोंडाशी आपल्याला हव्या असलेल्या रेणूची जागा बळकावते, आणि त्याचा इशारा निम्म्यावर येतो. गाळताना, दाट करताना थोडं सांडतं, थोडं चिकटून राहतं. मग खरा आकडा कळणार कसा?

अक्षतांनी. डब्यात तांदळाचे दाणे किती हे मोजायचं आहे, समजा. मोजून १०० अक्षता, कुंकवात रंगवलेले दाणे, त्यात टाका आणि नीट कालवा. आता मूठभर काढा. मुठीत ४ अक्षता आणि २०० पांढरे दाणे निघाले, तर एका अक्षतेमागे ५० पांढरे, म्हणजे डब्यात ५,००० दाणे. मूठ लहान घ्या, मोठी घ्या, वाटेत थोडे सांडू द्या, हिशेब बदलत नाही, कारण सांडताना अक्षता आणि पांढरे दाणे त्याच प्रमाणात सांडतात. प्रयोगशाळेतल्या अक्षता म्हणजे त्याच रसायनाचे जड भाऊ: ज्यांच्यात साध्या हायड्रोजनच्या किंवा कार्बनच्या जागी त्यांचे जड समस्थानिक बसवलेले असतात. ते वागतात तंतोतंत मूळ रेणूसारखे, फक्त वजनकाट्यावर वेगळे दिसतात. एकच अट: कालवणं अगदी सुरुवातीला झालं पाहिजे, नमुना गाळण्याआधी. नंतर टाकलेल्या अक्षतांना आधी सांडलेल्या तांदळाची खबर नसते.

आता अहवालावरच्या तीन अक्षरांकडे या: बीडीएल. शोधमर्यादेच्या खाली. लोक याचा अर्थ शून्य असा घेतात, आणि इथे फार मोठी फसगत होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत टिळक रस्त्यावर ढोलांजवळ उभं असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणजे तो गप्प आहे असं नव्हे. प्रत्येक पद्धतीला स्वतःचा गोंगाट असतो. ब्लँक पुन्हा पुन्हा मोजला तर आकडा जरा इकडेतिकडे हलतो. त्या हलण्याच्या साधारण तिप्पट इशारा आला तर ‘आहे’ म्हणायचं, दहापट आला तर ‘एवढं आहे’ म्हणायचं. यंत्र आणि पद्धत बदलली की ही पातळी बदलते. ज्योतीच्या एएएसवर शिसं तपासणाऱ्या प्रयोगशाळेची खालची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम असेल, आणि तुमच्या पाण्यात ०.०४ असेल, म्हणजे मानकाच्या चौपट, तरी अहवालात बीडीएलच येईल. कोणी फसवलेलं नसतं. चुकीची पद्धत निवडलेली असते. त्यामुळे अहवाल घेताना विचारा: ही मर्यादा किती, आणि ती मानकाच्या आकड्यापेक्षा बरीच खाली आहे का. आणि प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का हे विचारताना, ती मान्यता नेमक्या याच चाचणीसाठी आहे का हेही विचारा. मान्यता चाचणीगणिक मिळते, पाटीवर सरसकट नसते.

बाटलीत पाणी कोणतं भरलं, हा प्रश्न मात्र मला कायम सगळ्यांत महत्त्वाचा वाटत आला आहे. काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीतून एक काकू आल्या होत्या. घरात दीड वर्षाचा नातू. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती घातक असतं ते त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी त्यांना आम्लात धुतलेल्या दोन बाटल्या दिल्या आणि सांगितलं, “एकीत पहाटे नळ सोडल्याबरोबरचं पहिलं पाणी भरा. दुसरीत नळ पाच मिनिटं वाहू दिल्यावरचं. आतलं दोन थेंब आम्ल सांडू नका, बाटली विसळू नका.”

पहिल्या बाटलीत शिसं निघालं लिटरला १४ मायक्रोग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या वर. दुसरीत एकपेक्षा कमी. म्हणजे शिसं धरणातून येत नव्हतं, पालिकेच्या जलवाहिनीतूनही नाही. स्वयंपाकघरातला नळ जुना पितळी होता. पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालायचे, आणि रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात ते उतरत होतं. मी फोनवर आकडे सांगितले तेव्हा काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, पाणी पहाटे येतं ना. मी सगळ्यात आधी प्यायचा हंडाच भरते.”

आठवड्याने त्या तिसरी बाटली घेऊन आल्या. वर पांढरी पट्टी चिकटवलेली आणि त्यावर निळ्या शाईत ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘नवा स्टीलचा नळ. पहिलं पाणी. पहाटे ५.४०.’ मी त्या अहवालात बीडीएल लिहिलं नाही. लिहिलं, शिसं, लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी.